वाचक विचारतात : हॉस्पिटलातली आकडेमोड

प्रश्न : मी सोलापूरची. यंदा संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले. एका कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधन विभागात डेटा अ‍ॅनालिस्टची जागा मिळते आहे. वर्गातल्या बहुतेक मैत्रिणी पुण्याला आयटीत गेल्या. वडील म्हणतात, तू ना डॉक्टर ना नर्स, हॉस्पिटलात करणार काय? मॅडम, दिवसभर नेमकं काय काम असतं? कोडिंग कितपत यावं लागतं?

उत्तर : वडिलांना हसू नकोस. मीही हॉस्पिटलात हेच काम करते, आणि आमच्या दारावरची पाटी वाचूनही लोक आत डोकावून ‘रक्ताचे रिपोर्ट इथेच मिळतात का?’ असं विचारतात.

कोडिंगचं आधी सांगते, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. आर किंवा पायथन, या दोन प्रोग्रॅमिंग भाषांपैकी एक नीट यायला हवी. दोन्ही फुकट आहेत. पण बराचसा वेळ कोड लिहिण्यात जात नाही, शीट निस्तरण्यात जातो. रेसिडेंट डॉक्टर थिसिसची एक्सेल फाईल आणून देतात आणि म्हणतात, ‘मॅडम, तेवढी पी व्हॅल्यू काढून द्या ना, परवा सबमिशन आहे.’ (पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.) कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर लावलेला असेल, तर १३/०४/२०२१ ही तारीख एक्सेलला कळतच नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती साधा मजकूर म्हणून रकान्यात डावीकडे चिकटून बसते. ती परवडली, निदान दिसते तरी. ०३/०४/२०२१ मात्र गुपचूप ४ मार्च होते आणि शहाण्यासारखी उजवीकडे जाऊन बसते. मग ऑपरेशनच्या आधीच डिस्चार्ज मिळालेले पेशंट सापडायला लागतात. म्हणून शीट हातात आली की मी आधी तारखांचा रकाना रुंद करते आणि कोण डावीकडे, कोण उजवीकडे ते बघते. एक्सेलच्या या खोडीपुढे जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेही हात टेकले आहेत. ‘मार्च१’ या जनुकाची एक्सेल तारीख करून टाकायचं, म्हणून २०२० मध्ये त्याचं नावच ‘मार्चएफ१’ केलं!

खरी डोकेफोड रिकाम्या रकान्यांची. समज, शंभर पेशंट आहेत. पाच वर्षांनी ३० जण गेल्याची नोंद आहे, ४० हयात आहेत आणि ३० जणांचा पत्ताच नाही. डॉक्टर विचारतात, ‘पाच वर्षं किती टक्के जगले?’ बेपत्ता सगळे जिवंत धरले तर ७० टक्के, सगळे गेले धरले तर ४०. तू कॅप्लान-मायर शिकली असशीलच, अर्धवट नोंदींवरूनही किती जण किती काळ जगले याचा अंदाज काढायची १९५८ ची पद्धत. ज्याचा शेवटचा केस पेपर चौदाव्या महिन्याचा, तो तोवर हिशेबात, पुढे छेदातून बाहेर. उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतं आणि आलेखही देखणा निघतो.

पण यात एक गृहीत दडलेलं आहे : येणं थांबवलेले आणि येत राहिलेले, दोघांची तब्येत साधारण सारखी. आता आपल्याकडे पेशंट येणं का थांबवतो ते बघ. एक तर त्याला बरं वाटतं, आणि तपासणीसाठी एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी परवडत नाही. नाहीतर इतकं बिघडतं की घरचेच म्हणतात, आता कशाला हाल करायचे. हे दुसरे जास्त असतील, तर आलेख खोटा गोड. आर याबद्दल चकार शब्द काढत नाही. तिथे फोनच लावावा लागतो, आणि फाईलवरचा नंबर हमखास भाच्याचा असतो, तोही बदललेला. अशा वेळी मेडिकल सोशल वर्करशी तुझी ओळख असेल तर अर्धं काम झालं.

तुझ्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. तिथली माणसं गावोगाव जाऊन चौकशी करतात. सगळेच पेशंट हॉस्पिटलात येतील अशी खात्री नसते, मग हॉस्पिटलात बसून मोजायचं काय? रुजू होण्याआधी तिथल्या कामाची माहिती काढून ठेव.

दोन गोष्टी मात्र लेखी घे. पुष्कळ जागा प्रोजेक्टवरच्या असतात आणि निधी संपला की करारही संपतो, तेव्हा मुदत विचार. आणि शोधनिबंधात नाव येणार की नाही, ते काम सुरू होण्याआधी ठरव, नंतर विषय काढणं अवघड जातं. पगार आयटीपेक्षा कमी असेल, हे वडिलांना आधीच सांगून टाक. मी तुझ्या जागी असते, तर ही नोकरी घेतली असती.

प्रश्न : माझ्या आईवर दोन वर्षं उपचार झाले. तिच्या फाईलवर संशोधन झालं तर तिचं नाव बाहेर जाईल का? (कोल्हापूर)

उत्तर : नाव जायला नको. जुन्या फाईलींवर काम करायलाही एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी लागते, आणि विश्लेषणासाठी शीट देताना नाव, पत्ता, फोन काढून नुसता क्रमांक ठेवतात, निदान ठेवायला हवा. पण तेवढ्याने भागत नाही. एक्याण्णव वर्षांच्या बाई, अमुक वाडी, दुर्मिळ गाठ, एवढं वाचून त्या वाडीतलं शेंबडं पोरही नाव सांगेल. म्हणून आम्ही वयाऐवजी वयोगट देतो, गावाऐवजी जिल्हा, आणि तारखेऐवजी ‘उपचार सुरू झाल्यापासून इतके दिवस’. आईने सही केलेला संमतीचा कागद असेल तर तो बघा. संशोधनाला परवानगी दिली आहे का, आणि मागे घ्यायची तर कुणाला भेटायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.