भांगातली पांढरी पट्टी

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं केसांचीच आहेत. लग्नसराईच्या चार-सहा महिने आधी दरवर्षी हेच होतं. डाय सोडावा की लावावा, हे आम्ही कुणाला सांगणार नाही. सोडायचा तर कसा आणि लावायचा तर कसा, तेवढं सांगतो.

वय 54. सोळा वर्षं झाली, दर तीन आठवड्यांनी काळा डाय लावते. आता जीव कंटाळला. पण एक खेप चुकली की भांगात पांढरी पट्टी दिसते आणि शेजारीण विचारते, "काहून वं, बरं नाही का?" फेब्रुवारीत मुलाचं लग्न आहे. तोवर सगळे केस पांढरे होतील का? एका पार्लरमध्ये एका दिवसात चंदेरी करून देतो म्हणाले. – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

नाही होणार. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, कुणाचा किंचित जास्त. ऑगस्टपासून धरलं तर फेब्रुवारीपर्यंत सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे आडवी चार बोटं. तुमचे केस खांद्यापर्यंत असतील तर मुळापासून टोकापर्यंत सगळा रंग निघून जायला दोन ते अडीच वर्षं लागतात. कानापर्यंत कापायची तयारी असेल तर नऊ-दहा महिन्यांत काम होतं.

आता ते "एका दिवसात". रंगावर रंग चढवून केस उजळ होत नाहीत. डायचा काळा काढायला ब्लीचच लागतं. तुमच्या केसांची टोकं अडीच वर्षं जुनी आहेत. दर खेपेला डाय टोकापर्यंत ओढला असेल तर त्या टोकांवर चाळीसेक थर बसलेत. ब्लीच लावलं की काळा आधी तांबूस तपकिरी होतो, मग नारिंगी, मग पिवळा. चंदेरी छटा बसायला केस केळीच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिकट व्हावा लागतो. मुळाजवळचा एक-दोन थरांचा केस तिथवर लवकर पोचतो, टोकं नारिंगीवरच अडकतात. ती पुढे न्यायला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ब्लीच मारतात आणि मग ओला केस रबरासारखा ताणून तुटतो. वरून चढवलेली चंदेरी छटा महिना-दीड महिन्यात धुऊन जाते आणि खालचा पिवळा उघडा पडतो. करायचंच असेल तर आधी मानेवरची एक बारीक बट कापून तिच्यावर प्रयोग करायला सांगा. बट करून दाखवायला जो तयार नाही, त्याच्या हाती डोकं देऊ नका.

फेब्रुवारीसाठी दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता, आजच डाय थांबवायचा. लग्नात अंबाडा घालणार असाल तर कपाळापासून अंबाड्यापर्यंत वीतभर केस दिसतो. त्यातला पुढचा चार बोटं पांढरा आणि मागचा काळा, अशी डोक्यावर आडवी रेघ पडेल. ती गजऱ्याने झाकत नाही, गजरा मागे राहतो. ही रेघ मोडायला लोलाइट्स करून घ्या. पांढऱ्या भागातल्या अगदी बारीक बटा निवडून त्यांना गडद तपकिरी रंग द्यायचा, काळा नाही, काळ्याने पट्टेपट्टे दिसतात. रंग डेमी-परमनंट हवा आणि डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड, 10 व्हॉल्यूमचं, म्हणजे 3 टक्क्यांचं किंवा त्याहून सौम्य. असा रंग दोन-अडीच महिन्यांत हळूहळू उतरतो आणि नवी रेघ उठत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी एकदा, जानेवारीच्या शेवटी एकदा, एवढं पुरतं. मधल्या काळात भांग सरळ न पाडता नागमोडी पाडा आणि दर दोन महिन्यांनी टोकं कापत राहा.

दुसरा रस्ता, लग्न होईपर्यंत डाय चालू ठेवायचा आणि मार्चमध्ये सोडायचा. यातही काही कमीपणा नाही. फक्त आतापासून रंग मुळांनाच लावा, टोकांना ओढू नका, आणि काळ्यावरून गडद तपकिरीवर या. पुढे सोडताना रेघ तेवढीच मऊ दिसेल. शेवटची खेप लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी घ्या. आदल्या रात्री लावलेल्या डायचे डाग कपाळावर आणि कानांवर राहतात, आणि रिअ‍ॅक्शन आलीच तर ती एक ते तीन दिवसांनी उमटते, म्हणजे नेमकी मांडवात.

पहिले चार महिने चेहरा खरंच थकलेला दिसतो. शेजारीण अगदीच खोटं बोलत नाही. काळ्या-पांढऱ्याच्या रेघेमुळे केस विरळ वाटतात आणि नजर भांगाकडेच जाते. पांढरा कानापर्यंत उतरला की हा प्रश्न आपोआप मिटतो.

डाय सोडून दोन वर्षं झाली. पांढरे केस छान आले होते, पण या उन्हाळ्यात पिवळट पडले. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. – मानेवाडा

तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार केसावर बसतात. काळ्या केसावर दिसत नाहीत, पांढऱ्यावर लगेच दिसतात. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमत असेल तर तोच डोक्यावरही जमतोय असं समजा. पेंच-कन्हान नद्यांचं नळाचं पाणी येत असेल तर निदान शेवटचे दोन मग त्याचे घ्या. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून शेवटी केसांवरून ओता, आठवड्यातून एकदा. क्षार काढणारा कीलेटिंग शाम्पू मिळतो, तो पंधरा दिवसांतून एकदा, त्याहून जास्त नको, केस कोरडे पडतात.

दुसरं कारण ऊन. पांढऱ्या केसात स्वतःचं रंगद्रव्य नसतं, त्यामुळे उन्हाचा मार त्याला थेट बसतो. स्कूटीवर तुम्ही स्कार्फ बांधतच असाल, तो पांढरा किंवा फिकट सुती घ्या. कच्च्या रंगाची ओढणी घामाने सुटते आणि पांढऱ्या केसांवर गुलाबी-पिवळी छटा ठेवून जाते. तिसरं कारण तेल. मोहरीचं तेल आणि हिरवी-पिवळी औषधी तेलं बंद करा, साधं खोबरेल लावा.

जांभळा शाम्पू उपयोगी आहे, कारण जांभळा रंग पिवळ्याला मारतो. ओल्या केसांवर दोन-तीन मिनिटं, आठवड्यातून एकदा. दहा मिनिटं ठेवला तर केस चांगले होत नाहीत, जांभळे होतात.

डाय नको म्हणून बाजारातून काळी मेंदी आणली. पाकिटावर हर्बल लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर कपाळ सुजलं, कानामागून पाणी आलं. मेंदीचीही अ‍ॅलर्जी असते का? – महाल

तुम्हाला त्रास झाला तो मेंदीचा नसावा. निव्वळ मेंदी पांढऱ्या केसाला नारिंगी-तांबूस करते, काळं कधीच करत नाही. जी पूड अर्ध्या तासात केस काळेभोर करते, तिच्यात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमाइन असतं, जे साध्या डायमध्येही असतं. "अमोनिया नाही" लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असा अर्थ होत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या खेपेला काही झालं नाही आणि दुसऱ्या खेपेला झालं, ही या अ‍ॅलर्जीची नेहमीची चाल. शरीर एकदा ओळखायला शिकलं की सहसा जन्मभर विसरत नाही, आणि दर वेळी त्रास वाढू शकतो. म्हणून घरी परत थोडीशी लावून बघू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करून घ्या आणि पाकीट फेकू नका, सोबत न्या. सूज पापण्यांवर उतरली किंवा श्वासाला त्रास झाला तर वाट न बघता दवाखाना गाठा. लग्नाघरी हातावर काळ्या मेंदीचं नक्षीकाम काढतात, तेही तुम्हाला यापुढे नाही. पीपीडीऐवजी दुसरं द्रव्य वापरणारे डाय मिळतात, पण ज्यांना पीपीडी चालत नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना तेही चालत नाही.

काळेच केस हवे असतील तर मेंदी आणि नीळ, दोन टप्प्यांत. नीळ म्हणजे कपड्यांची नव्हे, नीळीच्या पानांची पूड. घेताना घटकांत फक्त पानांची पूड आहे ना, ते वाचा. तीही लावण्याआधी 48 तास कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघा, आणि अंगावरची सूज-खाज पूर्ण बसल्यावरच.

खांद्यापर्यंतच्या केसांना 100 ग्रॅम मेंदी आणि 100 ग्रॅम नीळ पूड, नुसत्या मुळांना 50-50. मेंदी कोमट पाण्यात इडलीच्या पिठाइतकी भिजवा. मे महिन्यात नागपुरात ती तीन-चार तासांत रंग सोडते, डिसेंबरात रात्रभर ठेवावी लागते. धुतलेल्या, बिनतेलाच्या केसांना लावून दोन-तीन तास ठेवा, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी हवी. कूलरसमोर बसू नका. लेप वाळला की रंग चढायचा थांबतो, आणि इथेच बहुतेकींची मेंदी फसते. नुसत्या पाण्याने धुवा.

मग नीळ. तिला भिजत ठेवायचं नसतं. कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, दह्याइतका दाट लेप, दहा-पंधरा मिनिटं थांबून लगेच ओल्या केसांना लावायची. लिंबू अजिबात नाही, आंबटाने नीळ मरते. दीड तास ठेवा, पाण्याने धुवा, दोन दिवस शाम्पू नको. पहिल्या दिवशी केस हिरवट दिसले तर घाबरू नका, हवेने रंग दोन दिवसांत गडद होत जातो. मेंदीचा टप्पा गाळून थेट पांढऱ्यावर नीळ लावली तर मात्र हिरवट-निळं राहतं. आणि हा रंग चढला की तो सहज निघत नाही. पुढे डाय किंवा ब्लीच करायची वेळ आली तर पार्लरमध्ये आधी सांगा.

कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग आला आहे. घरचे कोड म्हणतात. – सक्करदरा

बऱ्याच टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. ते त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी मारतं. डाग टिकलीच्याच आकाराचा आणि त्याच जागी असेल तर बहुधा हेच आहे. टिकली सरकवून वर-खाली लावू नका, तिथेही डाग येतो. गोंदाची टिकली आजपासून पूर्ण बंद. लवकर थांबवलं तर काही महिन्यांत रंग परतायला सुरुवात होऊ शकते, पण तपासणी लवकर करून घ्या. डाग कपाळाबाहेरही असतील तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो. रबरी चपलेच्या पट्ट्यांखालीही असे डाग येतात, म्हणून डॉक्टरांना पायही दाखवा. काही लावायचंच तर डाग सोडून, आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, जुन्या पद्धतीने मेणावर कुंकू. कुंकू हळदीचं असावं, भडक लाल-गुलाबी रंगाचं नाही. डाग जाण्यासाठी ओळखीच्या दुकानातून मलम मात्र आणू नका. चेहऱ्यावर स्टेरॉइडची मलमं फुकटच्या सल्ल्याने लावून त्वचा पातळ आणि लाल करून घेतलेल्या बायका रोज दिसतात. 2018 पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात.

वय 61. मे महिन्यात भाचीचं लग्न. मागच्या वेळी पार्लरने केलेला मेकअप तासाभरात डोळ्यांखाली तडकला आणि चेहरा मानेपेक्षा राखाडी दिसला. – सदर

तडकतो तो पावडरमुळे. डोळ्यांखाली थर देऊन ठेवलेली पावडर कोरड्या त्वचेतलं उरलंसुरलं पाणी ओढते, त्यात नागपूरची मेमधली हवा आणि हॉलचा एसी. राखाडी दिसतो तो चुकीच्या शेडमुळे. फाउंडेशनची शेड हाताच्या मनगटावर बघतात, ती जबड्याच्या कडेला बघायची. सीताबर्डी बाजारातल्या दुकानात ट्यूबलाइटखाली नाही, दाराबाहेर उजेडात, आणि लावून पंधरा मिनिटांनी. काही फाउंडेशनं हवेने गडद होतात.

पार्लरवालीला हे सांगा. धुतलेल्या ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर, मग दहा मिनिटं थांबायचं. फाउंडेशन दोन वाटाण्यांएवढं, फक्त नाकाच्या बाजू, हनुवटी आणि डागांवर, ओल्या स्पंजने दाबत, घासायचं नाही. डोळ्यांखाली मुगाच्या डाळीएवढा कन्सीलर. पावडर फक्त नाकावर आणि कपाळाच्या मध्यावर, ब्रशने. ब्लश क्रीमचा, हसल्यावर गाल फुगतो त्याच्या थोडा वर, कारण खाली लावला की चेहरा ओघळतो. भुवयांना काळी पेन्सिल नको, करडी-तपकिरी. काजळ खालच्या कडेला घातलं की तासाभरात उतरतं, वरच्या पापणीच्या मुळाशी घाला. लिपस्टिक ओठांच्या सुरकुत्यांत पसरते, म्हणून त्याच रंगाच्या लायनरने आधी पूर्ण ओठ भरायचा, लिपस्टिक, टिश्यू, पुन्हा लिपस्टिक. घाम आला तर टिपायचा, पुसायचा नाही.

या वयात लाल लिपस्टिक चालेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. चालेल. पांढऱ्या केसांसोबत विटकरी आणि मरून जास्त खुलतात, हे आमचं मत.

पाळी गेल्यावर हनुवटीवर राठ केस येऊ लागले, काही पांढरे आहेत. लेझर करावं का? – धरमपेठ

काळ्या केसांना करा, आणि लवकर करा. लेझर केसातल्या काळ्या रंगद्रव्याला पकडतं, पांढऱ्या केसाला ते दिसतच नाही. पैसे घेताना हे फार कमी ठिकाणी सांगतात. पांढऱ्यांसाठी एकेक मूळ जाळणारं इलेक्ट्रोलिसिस आहे, नाहीतर थ्रेडिंग किंवा चिमटा. उपटल्याने केसांची संख्या वाढत नाही. पण केस एकाएकी भराभर वाढले असतील किंवा आवाज जड झाला असेल तर लेझरआधी हार्मोन्सची तपासणी करा.