ऊसतोडीला जाणाऱ्या पारधी कुटुंबांचा बाल कल्याण समितीवर विश्वास कसा बसेल?

आपण लिहिले आहे की जिल्हा बाल संरक्षण कक्षात नव्याने रुजू झाल्यावर आपण एका पारधी वस्तीवर गेलात, तेव्हा बायकांनी मुले पालात लपवली आणि कोणी धड बोललेही नाही. अशा कुटुंबांचा विश्वास कसा मिळवावा, असा आपला प्रश्न आहे. बीड आणि धाराशिवच्या भागात मी बरीच वर्षे हेच काम केले आहे, त्यामुळे जे पाहिले त्यावरून लिहिते.

ती भीती अडाणीपणातून आलेली आहे, असे कृपया समजू नका. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात 1897 मध्ये दुरुस्ती होऊन या जमातींची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता हे खरे, परंतु इंग्रजी मुलखातल्या सोलापूरची तारेच्या कुंपणातली तशी वसाहत येथून काही लांब नव्हती, आणि पारध्यांचे सोयरे हद्दीच्या दोन्ही बाजूंना होते. तो कायदा 1952 मध्ये गेला. चोरी झाली की पोलिसांनी आधी पालावर येण्याची रीत मात्र राहिली. अशा वस्तीत जीप थांबली तर ती कोणत्या खात्याची आहे, हे पाटी वाचून ठरवण्याची सवड कोणाला असणार?

माझ्या डोळ्यांवरची झापड एका बाईने काढली. तिची दहा वर्षांची मुलगी एका बसस्थानकावर एकटी सापडल्याने बालगृहात ठेवली होती. पोलिसांनी मुलीला 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांना कोठे ठेवायचे हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर केले होते, म्हणजे कायद्याप्रमाणे सर्व काही रीतसर होते. ती बाई साखर कारखान्याच्या तळावरून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुक्कामावरून, दोन दिवसांची मजुरी बुडवून आली आणि कमरेच्या चंचीतून चौघडी केलेला एक कागद काढून म्हणाली, “पोरगी ठिवून घेतली आन् ही पावती दिली. आता किती भरायचं?” तो समितीचा आदेश होता. त्यावर तिचा अंगठा होता. पण तो तिला कोणीही वाचून दाखवलेला नव्हता, आणि त्या ‘कोणीही’मध्ये मी स्वतःही येते.

याच बाईची दोन मुले आश्रमशाळेत होती आणि तिने ती स्वखुशीने घातली होती. मी कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की तेथून पोरे दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी येतात. आश्रमशाळांचे दोष मला ठाऊक नाहीत असे नाही. तरीही मूल कधी परत येणार, हे आईला तेथे आधीच ठाऊक असते, आणि आपल्या यंत्रणेत नेमके तेवढेच कोणी सांगत नाही. म्हणून मूल ताब्यात घ्यावे लागलेच, तर पुढची तारीख, भेटीचा वार आणि मूल परत मिळण्यासाठी काय लागेल, या तीन गोष्टी तिला समजेल अशा बोलीत त्याच दिवशी सांगा. पारधी बोली गुजरातीला जवळची आहे, तेव्हा वस्तीतलाच एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी दुभाषा म्हणून सोबत असू द्या.

दुसरी अडचण तारखांची आहे आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि एकजण जरी तळ सोडून गेला तरी ती उचल फिटत नाही. जानेवारीत सांगली किंवा बेळगावकडे उसाच्या फडात असलेली आई जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ शकली नाही, की कागदावर ‘पालक गैरहजर’ असा शेरा पडतो आणि तोच पुढे निष्काळजीपणाचा पुरावा ठरतो. माझ्या मते हा उघड अन्याय आहे. आपण समितीला त्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याची विनंती करू शकता. मूल फडाकडच्या जिल्ह्यात सापडले असेल, तर 2015 च्या बाल न्याय अधिनियमातील कलम 95 प्रमाणे ते त्याच्या राहत्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवता येते. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे, असेही तोच अधिनियम म्हणतो. घरी राहणाऱ्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा 2250 रुपये मिळू शकतात, पण ते एकल किंवा दुर्धर आजारी पालकांसारख्या ठरावीक परिस्थितीतच, त्यामुळे सरसकट आश्वासन देऊ नका. एक आश्वासन मोडले तर पुढची पाच वर्षे त्या वस्तीत पाय ठेवणे अवघड होते.

आणि वस्तीवर आपण फक्त मुलांच्या चौकशीसाठी जात असाल, तर मुले लपणारच. माझी दारे उघडली ती जातीच्या दाखल्यांमुळे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात आणि पालात राहणाऱ्यांकडे तो कोठून असणार. एका आजोबांच्या जुन्या शाळेच्या नोंदीसाठी मी चार खेपा घातल्या. काम झाले त्या वर्षी तळावरून प्रथमच फोन आला, की शेजारच्या कोपीतल्या तेरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरते आहे, तुम्ही काही करा.

ऊसतोडीच्या टोळ्या साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात. पहिली भेट त्यापूर्वी, संध्याकाळी चुली पेटल्यावर घ्या. ज्या अंगणवाडी सेविकेला वस्ती ओळखते तिला सोबत न्या, तक्ते आणि रजिस्टर त्या दिवशी कार्यालयातच राहू द्या, आणि जीप डांबरी रस्त्यावर सोडून चालत जा.