ऑटोमॅटिक घड्याळ हलवलं की आतून खरखर ऐकू येते. रोटर (मनगट हललं की फिरून चावी भरणारं आतलं अर्धगोल वजन) बिघडला असेल का?

आधी आत मशीन कोणतं आहे ते बघा. मियोटा ८२१५ किंवा व्हॅलजू ७७५० असेल तर रोटर एकाच दिशेने चावी भरतो, उलट दिशेला मोकळा गरगरतो आणि मनगटालाही जाणवतो. तो दोष नव्हे, रचनाच तशी आहे. सेकोचं एनएच३५ दोन्ही दिशांनी चावी भरतं; त्यातही हलकी सरसर चालायचीच.

घासल्याचा किंवा धातूवर धातू आपटल्याचा आवाज मात्र गंभीरपणे घ्या. खोलीत शांतता असताना घड्याळ कानाशी धरून हळूहळू फिरवा. डायल वर असताना रोटर स्वतःच्या वजनाने मागच्या झाकणाकडे झुकतो. फक्त तेव्हाच घासत असेल तर बहुधा रोटरचा स्क्रू सैल झालाय किंवा बेअरिंग झिजलंय. झाकणाच्या आतून गोलाकार ओरखडा दिसला तर शंकाच नको. असं घड्याळ कृपया घालू नका, कारण सुटलेला स्क्रू आतल्या चाकांत अडकला की खर्च कितीतरी वाढतो. नुसता सैल स्क्रू आवळणं हे घड्याळजीचं थोड्या वेळाचं काम आहे, बेअरिंग झिजलं असेल तर सहसा ते किंवा अख्खा रोटर बदलावा लागतो.

ईटीए २८२४ या मशीनमध्ये हाताने चावी देताना रोटरही सोबत फिरत असेल, तर रिव्हर्सर चाकं (रोटर कुठल्याही दिशेने फिरला तरी चावी भरू देणारी चाकं) बहुधा कोरडी पडली आहेत. सर्व्हिसिंग होईपर्यंत हाताने चावी देऊ नका.

आणि शिलाई मशीनचं तेल अजिबात सोडू नका! ते पसरतं आणि नको तिथे जातं.