गाडी कुणाच्या सांगण्यावरून थांबणार?

"मॅडम, साडेतीन महिन्यांच्या बाळाला घेऊन तीनशे किलोमीटर गाडीनं जाता येतं का? हो किंवा नाही एवढंच सांगा. म्हणजे मी घरी सांगू शकेन की मॅडम नाही म्हणाल्या."

बाळंतपणानंतरच्या आयांसाठी मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते. गणपती आणि मे महिना जवळ आला की हा प्रश्न येतोच. कुणाला गावी जायचं असतं, कुणाला कुलदैवताला, कुणाला माहेरून सासरी. पण "नाही म्हणाल्या असं सांगेन" हे शेवटचं वाक्य प्रत्येकीच्या तोंडी नसतं. म्हणून मी उत्तर देण्याची घाई केली नाही. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सासर गुहागरजवळच्या एका गावात. घरचा गणपती पाच दिवसांचा, गौरीही बसतात. नातीला गौरीच्या पायांवर घालायचं ही सासूबाईंची इच्छा. बेत असा ठरला होता: छोटी गाडी, नवरा चालवणार, शेजारी सासरे, मागे सासूबाई, ती आणि धाकटी नणंद, बाळ आळीपाळीनं मांडीवर. रात्री अकराला निघायचं, म्हणजे बाळ झोपेल आणि उजाडता घरी. कुणीच वाईट विचार केला नव्हता. सगळ्यांना बाळ हवं होतं, ते घरी यावं असं वाटत होतं.

पहिल्या भेटीत ती बाळाच्या तब्येतीचंच विचारत राहिली. थंडी बाधेल का, घाटात कान दुखतील का, उलटी होईल का. यातलं बरंचसं सोपं होतं. बाळ पूर्ण दिवसांचं, वजन सहा किलोच्या आसपास, अंगावरचं दूध पिणारं. इतक्या लहान बाळांना गाडी लागण्याचा त्रास सहसा होत नाही. पण माझं उत्तर ऐकून तिचा चेहरा जराही सैल होत नव्हता. प्रश्नाचं उत्तर मिळूनही माणूस निवांत होत नाही, तेव्हा खरा प्रश्न अजून विचारला गेलेला नाही असं मी धरते.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "याआधी बाळ गाडीतून कधी गेलंय?"

ती बराच वेळ बाळाचं टोपरं सारखं करत बसली. मग बोलली. बाळ सहा आठवड्यांचं असताना ती सांगलीहून, माहेराहून, पुण्याला आली होती. नवरा चालवत होता, आई पुढच्या सीटवर पेंगत होती, ती एकटी मागे. साताऱ्याच्या पुढे बाळ रडायला लागलं ते थांबेना. "थांबूया का" असं ती एकदा म्हणाली. नवरा म्हणाला, "आता दीड तासच राहिलाय, पाज ना, झोपेल." तिनं चालत्या गाडीतच बाळाला छातीशी घेतलं. पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला, नवऱ्यानंही मारला, आणि बाळाचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीला लागलं. लाल वळ उठला, संध्याकाळपर्यंत गेला.

"मी सगळ्यांना सांगितलं की माझी बांगडी लागली," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी लस होती, तिथंही बोलले नाही. रात्री डोळे मिटले की तो ब्रेक लागतो."

ही गोष्ट तिनं दोन महिने एकटीनं धरून ठेवली होती. नवऱ्याला ठाऊक नव्हती, आईलाही नव्हती.

मी तिला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, झालेलं जसंच्या तसं सांगायला. त्यांनी बाळ नीट तपासलं. बाळ उत्तम होतं. ते त्यांच्या तोंडून ऐकणं तिला आवश्यक होतं, माझ्या तोंडून ऐकून भागलं नसतं. प्रवासाला हरकत नाही हेही त्यांनीच सांगितलं. बाळ कमी दिवसांचं असतं, श्वासाचा किंवा हृदयाचा काही त्रास असता, तर मी त्यांच्या होकाराशिवाय पुढचं एक वाक्यही बोलले नसते.

तिसऱ्या भेटीला नवरा आला. तिनं त्याला घरीच सांगावं असं मी सुचवलं होतं, पण तिला ते माझ्यासमोर सांगायचं होतं. तो ऐकून गप्प झाला, मग म्हणाला, "तू तेव्हा ओरडली का नाहीस? मी थांबलो असतो." मी त्याला थांबवलं. ती एकदा म्हणालीच होती. बाळंतपणाला सहा आठवडे झालेली, रात्रीची झोप नसलेली बाई आपलं म्हणणं दुसऱ्यांदा, चढ्या आवाजात मांडेल ही अपेक्षा फार मोठी आहे. तिनं एकदा म्हटलं की तेवढं पुरायला हवं. त्या दिवशी आमच्यात एक गोष्ट ठरली, आणि या प्रवासात माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची होती: आई "थांब" म्हणाली की पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबेल. का, किती वेळ, आत्ताच तर थांबलो होतो, यातलं काही विचारायचं नाही.

मग मांडीचा विषय निघाला. इथं मी मऊपणानं बोलत नाही. ताशी 50 किलोमीटरनं चाललेली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर सहा किलोचं बाळ त्या क्षणी 80 किलोंहून जास्त ओझ्यासारखं पुढं ओढलं जातं. ते कुणाच्याही हातांत राहत नाही, कितीही माया असली तरी. आईनं स्वतःच्या पट्ट्यात बाळाला घेतलं तर तिच्याच अंगाचा भार बाळावर येतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट नसेल, तर 2019च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं 1000 रुपये दंड आहे. तो दंड कुणाला झालेला मी क्वचितच ऐकलंय, आणि दंडासाठी हे करा असं मी सांगतही नाही.

नवऱ्याच्या मित्राकडे लहान बाळाची कारसीट होती. जुनी सीट घेताना ती कुठल्या अपघातात सापडली होती का आणि तिच्यावर छापलेली मुदत काय आहे, हे दोन प्रश्न विचारायचेच. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी ती मागच्या सीटवर बसवायची. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. पट्टे बाळाच्या खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, आणि इतके घट्ट की खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये. दुपट्यात गुंडाळून पट्टे लावले तर ते सैल बसतात. आधी पट्टे, मग वरून दुपटं. गळ्यातल्या काळ्या मण्यांचा दोरा प्रवासापुरता काढून ठेवायचा.

ही सीट बसवली की मागे तिघी मावत नाहीत. म्हणजे बेतच मोडला. म्हणून मी सासूबाईंशी फोनवर बोलले, आणि त्या संभाषणाची मला सगळ्यात जास्त धाकधूक होती.

"अहो, ह्याला दोन महिन्यांचा असताना मी मुंबईहून एसटीनं घेऊन आले होते. मांडीवर. काही झालं नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांना खोटं पाडायला गेले नाही. त्या बाईनं बारा-पंधरा तास बाळ मांडीवर सांभाळलं होतं, तेव्हा दुसरी सोयही नव्हती. मी विचारलं, "बाळ रडलं की काय करायचात?" त्या जरा थांबल्या. "काय करणार? एसटी थोडीच थांबते. लोक मागं वळून बघायचे. रडू यायचं मला." मग स्वतःच म्हणाल्या, "आता आपली गाडी आहे, नाही का?" झोळी गाडीत वरच्या कड्यांना बांधली तर, असंही त्यांनी विचारलं. झोळीत बाळ छान झोपतं हे खरं, पण ब्रेक लागला की झोळी झोका घेते आणि थेट काचेवर जाते. ते त्यांना लगेच पटलं. त्यांनी घरात झोळीवर चार मुलं वाढवली होती, झोका कसा जातो हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

सासरे आणि नणंद एसटीनं आधी जातील असं ठरलं. बाळाजवळ मागे आई, पुढे सासूबाई.

रात्रीचा बेतही मी बदलायला लावला. बाळ झोपेल हे बरोबर, पण चालवणाऱ्यालाही झोप येते. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात धुकं असतं, आणि अपरात्री बाळाला काही वाटलं तर दवाखाना शोधायचा कुठं? शिवाय मागे अंधारात बाळाची मान दिसत नाही. कारसीटमध्ये झोपलेल्या लहान बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडू शकतो. कुणीतरी ते सारखं बघायला लागतं. म्हणूनच जास्तीत जास्त दोन तासांनी बाळाला सीटमधून काढून आडवं करायचं, झोपलेलं असलं तरी. मुक्कामाला पोचल्यावर "उठेल" म्हणून सीटमध्येच झोपू द्यायचं नाही, हेही त्यातच आलं.

लसीचं मात्र कुणाच्याच लक्षात नव्हतं. बाळाचे पुढचे डोस नेमके निघायच्या आदल्या दिवशी येत होते. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, किरकिर असते. ती लसीची आहे की प्रवासाची, हे घाटात कळणार कसं? डोस वेळेवर घेतला आणि निघायची तारीख तीन दिवस पुढं ढकलली. त्यानं चतुर्थी हुकली, गौरी सापडल्या. सासूबाईंना तेवढंच हवं होतं.

तोवर पंधरा दिवस सराव केला. आधी घरात जमिनीवर सीट ठेवून दहा मिनिटं, जागेपणी. मग सिंहगड रस्त्यानं वीस मिनिटं. तिसऱ्या फेरीला बाळ रडलं, तिनं "थांब" म्हटलं, नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली. तिनं मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं: "थांबला."

ते सकाळी सहाला निघाले, पोटभर पाजून, ढेकर काढून. त्या दिवशी कराडपर्यंतच, साधारण 160 किलोमीटर. तिथं नवऱ्याची मावशी राहते. दुसऱ्या दिवशी पाटण, कोयनानगर, घाट, चिपळूण, गुहागर. पाजायचं ते थांबूनच. मी तिला दुधाच्या बाटल्यांची तयारी करायला सांगितली नाही, कारण अंगावर पिणाऱ्या बाळाला रस्त्यात त्यापेक्षा स्वच्छ आणि सोपं काही नसतं. आडोशाला एक मोठी ओढणी. उकडलं तरी बाळाला पाणी द्यायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधातलं पाणी पुरतं. पाणी प्यायचंय ते आईनं, भरपूर. लघवी लागेल म्हणून कमी पिणाऱ्या आया मी फार बघते. बाळाला शांत झोप लागावी म्हणून घुटी किंवा सर्दीचं औषध देण्याचा सल्ला त्यांनाही कुणीतरी दिला होता. झोपेसाठी औषध कधीही नाही, याबद्दल मला एकही अपवाद माहीत नाही. आणि प्रत्येक थांब्यावर तिनं स्वतः पाच मिनिटं चालायचं, कारण सीझर होऊन चारच महिने होत होते.

पाटणच्या पुढे बाळ जोरात रडलं. पाजून झालं होतं, लंगोट कोरडा होता. काही सापडेना. ते चहाच्या टपरीपाशी चाळीस मिनिटं उभे राहिले. सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन पावसाच्या पत्र्याखाली फेऱ्या घालत होत्या. शेवटी कळलं की मोज्याच्या आत एक धागा पायाच्या बोटाला गुंडाळला गेला होता. धागा काढला, बाळ शांत झालं. तसा धागा आवळून राहिला तर बोटाला इजा होते, म्हणून आता मी सगळ्यांना मोजे उलटे करून बघायला सांगते. चालत्या गाडीत "रडू दे, झोपेल" म्हटलं असतं तर तो सापडला नसता.

गावात पोचल्यावरचे प्रश्न वेगळे होते. बाळाला घेण्यासाठी रांग, धूप, आरतीच्या झांजा. त्यांनी आरतीच्या वेळी बाळाला मागच्या पडवीत ठेवलं, सर्दी असलेल्यांना लांबूनच बघायला लावलं. ते सगळं सासूबाईंनीच सांभाळलं, मला त्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परत निघताना एक चुलतसासरे म्हणाले, "मला पुण्याला सोडा, ती खुर्ची डिकीत टाका, पोरीला मांडीवर घ्या." सून काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "भावोजी, ती तिची जागा आहे. तुम्हाला संध्याकाळची गाडी आहे चिपळूणहून."

नंतर ती माझ्याकडे आणखी दोनदा आली. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले की तिचा हात अजून आपोआप सीटकडे जातो. नवरा आता पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून चालवतो, हे तिनं दुसऱ्या भेटीत जाता जाता सांगितलं.