तोतया, सोंग आणि बतावणी

एका अनुवादकाने विचारले आहे की ‘इम्पर्सोनेशन’ला, म्हणजे आपण दुसरेच कोणी असल्याचे भासवण्याला, मराठीत एकच नेमका शब्द कोणता. त्यांच्यापुढचे वाक्य असे आहे: ‘विमा अधिकाऱ्याचे सोंग घेऊन त्याने वृद्ध दांपत्याकडून कागदपत्रे घेतली.’ त्यांना ‘सोंग’ खटकते, पण ‘छद्मव्यक्तित्व’ लिहायला हात धजत नाही.

खटकले ते योग्यच. असा एकच शब्द मराठीत नाही, आणि नाही हे मला मराठीचे बळ वाटते. कोण कोणाला काय भासवतो आहे आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक आहे का, हे पाहून मराठी शब्द निवडते.

सोंग मुळात पाहणाऱ्यांसमोर उघडपणे वठवायचे असते. ‘रात्र थोडी सोंगे फार’ ही म्हण रात्रभर चालणाऱ्या खेळांची आठवण सांगते. तिथे राजा झालेला माणूस राजा नाही, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असते. दारी येणारा बहुरूपीही तसाच. तो फौजदाराच्या वेषात दरडावतो, पण शेवटी हात पुढे करतो तो बिदागीसाठी. सोंगात फसवणूक नसतेच असे मात्र नाही. झोपेचे, वेडाचे, आजाराचे सोंग घेतात ते फसवायलाच. पण तिथे माणूस तोच राहतो, फक्त अवस्था खोटी असते. झोपेचे सोंग घेतलेला रामभाऊ हा रामभाऊच असतो.

तुमच्या वाक्याला हवी आहे ‘बतावणी’. गंमत म्हणजे तमाशात गण-गवळणीनंतर येणाऱ्या विनोदी संवादांनाही बतावणीच म्हणतात. एकच शब्द फडावरही आहे आणि पोलिसांच्या फिर्यादीतही. ‘पोलीस असल्याची बतावणी करून दागिने लंपास’ हा मथळा आपण कितीदा तरी वाचलेला असतो. त्याची बांधणी जवळून पाहा. ‘पोलीस असल्याची’ यात दावा आला, ‘करून’ने तो दावा पुढच्या कृत्याचे साधन ठरवला, आणि ‘लंपास’मध्ये परिणाम आला. गुन्ह्याची साखळी एका ओळीत बसली. म्हणून: ‘विमा अधिकारी असल्याची बतावणी करून त्याने वृद्ध दांपत्याकडून कागदपत्रे घेतली.’ मवाळ हवे असेल तर ‘असल्याचे भासवून’ चालेल.

आता तोतया. माझ्या मते या घराण्यातला हा सर्वांत धारदार शब्द. बतावणीला नुसता हुद्दा पुरतो, पण तोतया खऱ्या अर्थाने शोभतो तो दुसऱ्या माणसाची जागाच बळकावणाऱ्याला. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, तरी ते जिवंत असल्याच्या वावड्या उठतच राहिल्या. सुखनिधान नावाच्या माणसाने ‘मीच भाऊ’ म्हणून उभे राहावे इतकी जागा त्या अनिश्चिततेने करून दिली. त्याला कैद झाली, पण १७७६ साली तो रत्नागिरीहून सुटला आणि कोकणात त्याच्यामागे मोठी फौज जमली. त्याच वर्षी तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. मराठी माणूस त्याला ‘भाऊसाहेबांचा तोतया’ म्हणतो. ही षष्ठी महत्त्वाची आहे, कारण तोतयाला मूळ माणूस लागतो आणि ती जागा रिकामी, निदान संशयास्पद, असावी लागते.

हीच कसोटी पुराणकथांना लावून पाहा. अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा झाला, भीम बल्लव झाला, पण त्यांनी कोणा खऱ्या माणसाची ओळख घेतली नव्हती. ते वेषांतर. गौतमाचे रूप घेऊन अहल्येकडे आलेला इंद्र मात्र पुरता तोतया.

वापरात ही रेघ पुसट होते, हे मान्य. ‘तोतया पोलीस’ आता रूढ आहे, तिथे मूळ माणूस कोणीच नसतो आणि तोतया नुसते विशेषण होते. त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. कायदाही ही रेघ ओढत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ४१६च्या स्पष्टीकरणात, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९मध्ये, ज्याची बतावणी केली तो माणूस खरा असो की काल्पनिक, गुन्हा होतोच. तरी लिहिताना भेद ठेवता आला तर ठेवावा. कोणा खऱ्या माणसाचे नाव आणि छायाचित्र लावून उघडलेले ते ‘तोतया खाते’, आणि अस्तित्वातच नसलेल्या माणसाचे ते ‘बनावट खाते’. पदवी नसताना स्वतःच्याच नावाने दवाखाना चालवणाऱ्यालाही मी तोतया म्हणणार नाही. त्याला ‘बोगस डॉक्टर’ पुरते. उलट दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणाऱ्या ‘डमी’ला तोतया परीक्षार्थी म्हणणे अगदी चपखल, कारण तो खरोखरच दुसऱ्याच्या आसनावर बसलेला असतो.

तुम्हाला नामच हवे असेल तर ‘तोतयेगिरी’ घ्या. ‘तोतयागिरी’ही छापलेले दिसते आणि तेही समजते. पण कायद्याच्या मराठीत ‘तोतयेगिरी’ आहे, आणि तुमचा मजकूर विम्याच्या फसवणुकीचा असल्याने तेच रूप शेवटपर्यंत ठेवावे.