'दत्तक देश' की दत्तक खेळाडू?

फोंड्याच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारले आहे: परदेशात जन्मलेल्या फुटबॉलपटूने 'आपल्या दत्तक देशासाठी गोल केला' असे बातमीत वाचले. हे बरोबर आहे का? की 'आयात खेळाडू' म्हणावे?

बाई, 'दत्तक देश' मला खटकते. 'दत्तक गाव' म्हणजे कुणीतरी सांभाळायला घेतलेले गाव. त्या चालीने वाचले तर खेळाडूनेच देश पदरात घेतला असे होते. इथे घेणारा देश आहे, दत्तक जाणारा खेळाडू.

तोही नेहमी दत्तक असतोच असे नाही. 'दत्त' म्हणजे दिलेला, तेव्हा देणारेही कुणी हवे. ऑलिंपिकच्या नियमात ते सापडते: एका देशाकडून खेळलेल्याला दुसऱ्याकडून उतरायचे तर तीन वर्षे थांबावे लागते, जुना देश राजी असला तर ही मुदत कमी होऊ शकते. मनुस्मृतीतल्या बारा प्रकारच्या पुत्रांत 'दत्त'बरोबर 'क्रीत' म्हणजे विकत घेतलेला आणि 'स्वयंदत्त' म्हणजे आपणहून स्वाधीन झालेला, असेही आहेत. खेळाडूंबद्दलचा सगळा वाद या तीन शब्दांत मावतो. केनियाचा धावपटू स्टीफन चेरोनो 2003 मध्ये कतारचा सैफ सईद शाहीन झाला आणि त्याच वर्षी स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, विश्वविजेता ठरला. दत्तकासारखे नावही बदलले, पण टीका झाली ती तो 'क्रीत' आहे अशी. फुटबॉलपटू डेको ब्राझीलचा. पोर्तुगालात वर्षानुवर्षे खेळून तिथला नागरिक झाला आणि 2003 मध्ये पोर्तुगालकडून पहिल्याच सामन्यात त्याने ब्राझीलवर गोल केला. गोव्यात दोन्ही संघांचे चाहते एकाच घरात सापडतात, त्यांना हा गोल कसा लागला असेल! डेकोला मी स्वयंदत्त म्हणेन.

'आयात' मात्र नकोच. आयात मालाची होते. 'भाडोत्री' तर चौकशीआधीच निकाल देतो. 1961 पूर्वी, पोर्तुगीज राजवटीत, इथे गोव्यात जन्मलेल्या आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेलेला शेजारचा मुलगा 'निर्यात झाला' असे आपण म्हणत नाही. त्याच्या घरची गरज आपल्याला ठाऊक असते. खेळाडूची ठाऊक नसते, एवढाच फरक.

आणि फुटबॉलपटू अराता इझुमीला दत्तकही म्हणू नका. जन्म जपानचा, आई जपानी, वडील भारतीय. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून जपानचे सोडले आणि 2013 मध्ये तो भारताकडून खेळला. तो वडिलांच्या घरी आला होता.