बीएस्सी ३ वर्षांत संपवायची की ४ करायची? परभणीकडच्या एका वडिलांना उत्तर

परभणी जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. शेती आहे, जोडीला कृषी सेवा केंद्र. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला, २०२४ ची ऍडमिशन, मेजर म्हणजे मुख्य विषय केमिस्ट्री, सेकंड इयर चालू. ते लिहितात, "मॅडम, आमच्या वेळी बीएस्सी म्हणजे ३ वर्षं. आता कॉलेजवाले म्हणतात ४ पण करता येते. मेव्हणे म्हणतात २ वर्षांत डिप्लोमा घ्या अन् बाहेर काढा, कंपनीत चिकटेल. आणि पोरगी केमिस्ट्री सोडून पर्सनल फायनान्स कशाला शिकतेय तेच कळंना. शिवाय कसला तरी एबीसी आयडी मागतायत. काय करावं?"

नमस्कार भाऊ,

आधी मेव्हण्यांचं निस्तरू, कारण ते सगळ्यात धोक्याचं आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २ वर्षांनी बाहेर पडलं तर जो डिप्लोमा मिळतो त्याला यूजी डिप्लोमा म्हणतात आणि तो पॉलिटेक्निकचा डिप्लोमा नाही, डी.फार्म तर नाहीच नाही. नावात डिप्लोमा आला की घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यापुढे पॉलिटेक्निक येतं, तिथंच गडबड होते. वाळूज-चिकलठाण्याच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, माणूस घेताना एचआरवाला बीएस्सी केमिस्ट्री किंवा एमएस्सी बघतो, अर्धवट बीएस्सीला तो विचारेल "म्हणजे सोडली का?" बरं, नुसतं कॉलेज सोडलं म्हणून तो डिप्लोमा हातात पडत नाही, ठरलेले क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे जमा होणारे पॉइंट, पूर्ण हवेत आणि वर ४ क्रेडिटचा स्किल कोर्स नाहीतर इंटर्नशिप करावी लागते. ही सोय खरं तर ज्यांच्या घरी काही अडचण आली, आजारपण, दुष्काळ, लग्न, त्यांचं सगळंच वाया जाऊ नये म्हणून आहे. ३ वर्षांच्या आत परत येऊन पुढचं शिकता येतं, एकूण ७ वर्षांत डिग्री पूर्ण करायची. म्हणजे ही अडीअडचणीची वाट आहे, ठरवून कशाला जायचं तिथं?

आता ३ की ४. हिशोब बघा. ३ वर्षं बीएस्सी आणि २ वर्षं एमएस्सी, झाले ५. ४ वर्षांची ऑनर्स आणि मग १ वर्षाची एमएस्सी, तरी ५च. वर्ष वाचत नाही आणि जातही नाही. फरक एवढाच की ते चौथं वर्ष ती कुठे बसून काढणार, तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात की विद्यापीठाच्या कॅम्पसवर. ३ अधिक २ केलं तर चांगल्या ठिकाणी तिला २ वर्षं मिळतात, ४ अधिक १ केलं तर एकच. उलट ४ अधिक १ मध्ये ती आणखी एक वर्ष घरून जाऊन येऊन करेल, हॉस्टेल-मेसचा एक वर्षाचा खर्च वाचेल, तोही काही थोडा नसतो हे मला कळतं.

म्हणून सगळं कॉलेजच्या लॅबवर येऊन थांबतं. मी मागे एका कॉलेजात मार्गदर्शनाला गेले होते, नाव कशाला घ्यायचं, तिथल्या केमिस्ट्री लॅबमध्ये एचपीएलसीचं मशीन होतं, मिश्रणातले घटक वेगळे करून तपासणारं, छान, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, आणि कव्हरवर खंडेनवमीचं हळदकुंकू तसंच वाळलेलं. मी लॅब असिस्टंटला विचारलं, चालवतं का कोणी? तो म्हणाला, "नॅकची, कॉलेजला ग्रेड देणारी, टीम आली होती तेव्हा कव्हर काढलं होतं मॅडम." आता अशा ठिकाणी चौथ्या वर्षाचा रिसर्च प्रोजेक्ट म्हणजे काय होणार, झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बाइंडिंग करून आणलेली फाईल.

कागदावर हे धोरण मला आवडतं, खरंच. २०२० ला आलं, आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि तुमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. २०३५ पर्यंत कॉलेजच्या वयातली निम्मी पोरं उच्च शिक्षणात आणायची असं त्यात लिहिलंय, २०१८ ला हे प्रमाण २६.३ टक्के होतं. मग शिकवणारे कुठेत? जागा भरलेल्या नाहीत आणि सीएचबीवरचा प्राध्यापक तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन सकाळी या कॉलेजात, दुपारी त्या कॉलेजात, त्याच्याकडून रिसर्च गाईड करून घ्यायचा म्हणजे... असो. दिल्ली विद्यापीठाने २०१३ ला ४ वर्षांची डिग्री आणली होती आणि २०१४ च्या जूनमध्ये गुंडाळली, तेव्हा मधल्या बॅचची किती धावपळ झाली असेल विचार करा. तुमच्या मुलीची बॅच संलग्न कॉलेजांतली पहिलीच आहे, त्यामुळे "मागच्या वर्षीच्या पोरांचं काय झालं" हे विचारायला कोणी नाही.

एक दिवस दुकान बंद ठेवून कॉलेजात जा, ऑफिसात नको, थेट केमिस्ट्रीच्या एचओडींना भेटा. चौथ्या वर्षाची मान्यता खरंच आलीय का, की "प्रस्ताव पाठवलाय"? डिपार्टमेंटमध्ये कायमचे आणि पीएचडी गाईड असलेले सर किती? आणि लॅबमध्ये मशीन कोणतं आहे, ते पोरांच्या हाताला लागतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलीलाच आधीपासून माहीत असेल, तिला विचारा.

उत्तरं चांगली आली तर ४ जरूर करू दे. पहिल्या ६ सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्च मिळतं आणि ४ वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असले तर एमएस्सी न करताही पीएचडीच्या प्रवेशाला पात्र होता येतं. पुढे कधी अमेरिकेत शिकायचं असेल तर तिथल्या बऱ्याच विद्यापीठांना ४ वर्षांचीच डिग्री लागते. पण उत्तरं गुळमुळीत आली, तर ३ वर्षांत बीएस्सी हातात घ्यायची आणि एमएस्सीच्या प्रवेश परीक्षांची तयारी थर्ड इयरच्या सुरुवातीपासून करायची, नांदेड, संभाजीनगर, पुणे, जमलं तर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी. एमपीएससीचं डोक्यात असेल तर ३ वर्षांची डिग्री पुरते, चौथं वर्ष त्यासाठी करू नका.

पर्सनल फायनान्सचं म्हणाल तर ते ओपन इलेक्टिव्ह आहे, दुसऱ्या शाखेतला विषय घ्यायचाच असतो, मेजर तिची केमिस्ट्रीच राहते. तक्रार करायची तर अशी करा की पोरांना निवड कुठे आहे, बऱ्याच कॉलेजांत जे सर मोकळे असतात त्यांचा विषय तोच सगळ्यांचा "चॉईस" असतो. तरी एसआयपी आणि पीक विमा यातला फरक पोरीला कळला तर दुकानाच्या वह्या बघायला तुम्हालाच उपयोग होईल.

राहिला एबीसी आयडी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधला खाते क्रमांक. क्रेडिट म्हटलं की तुम्हाला उधारीची वही आठवेल, इथे उलटं आहे, ही जमेची बाजू. प्रत्येक सेमिस्टरला पास झालेल्या विषयांचे क्रेडिट त्या खात्यात पडतात, कॉलेज बदललं तरी सोबत जातात. डिजिलॉकरवरून फुकटात निघतो, नेट कॅफेवाल्याला पैसे देऊ नका. फक्त आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव सारखं आहे का ते आधी बघा, वडिलांच्या नावात एक "राव" जास्तीचा असला तरी गाडी अडते, आणि आधार दुरुस्तीला किती चकरा होतात ते तुम्हाला सांगायला नको.

एचओडी काय म्हणाले ते मला कळवा, आणि मशीनवर कव्हर आहे का तेही.